रहिवासाचा दाखला

नाव काय आणि गाव कोणते, हे दोन प्रश्न आपल्या मुलखात कोणाही नवख्या मनुष्यास प्रथम विचारले जातात. नेकनूरच्या आठवडी बाजारात बैल घेणारा शेतकरी बैलाचे दात पाहतो, आणि विकणाऱ्याचे गावही विचारून ठेवतो. गाव ठाऊक असले म्हणजे पुढे काही वाकडे झाल्यास मनुष्य सापडतो, एवढाच त्या विचारण्याचा हेतू. वाहन चालविण्याचा परवाना देताना सरकारही हाच प्रश्न विचारते; मात्र तोंडी उत्तर त्यास पुरत नाही, कागद लागतो. ह्या कागदाविषयी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत व त्यांच्या पालकांत पुष्कळ गैरसमज असल्याचे आमच्या दृष्टीस येते. सबब त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला गैरसमज असा की, परवान्यासाठी तहसील कचेरीतून अधिवास प्रमाणपत्र आणलेच पाहिजे. वस्तुतः कायद्याची मागणी ह्याहून पुष्कळ साधी आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वय व पत्ता ह्यांचा पुरावा म्हणून मतदारयादी, आयुर्विम्याचे पत्र, पासपोर्ट, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला असे नित्याचे कागद सांगितले. आणि सबळ कारणामुळे ह्यांपैकी एकही जवळ नसेल, तर दंडाधिकारी किंवा नोटरी ह्यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र स्वीकारण्याची मुभाही अधिकाऱ्यास दिली. 2021 सालापासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साह्याने शिकाऊ परवाना घरबसल्या मिळण्याची सोय झाली आहे. तरीही दलालाने 'अमुक दाखला नाही, मग काम कठीण आहे' असे म्हणताच आपले लोक घाबरतात, आणि जे काम स्वतः करता आले असते त्यासाठी खिसा रिकामा करतात. अज्ञानावर बसविलेला हा कर होय. तो आपणच आपल्यावर बसवून घेतो.

पत्ता व अधिवास ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. मनुष्य आज कोठे सापडेल, हे पत्ता सांगतो. तो कोठला म्हणून गणावा, हे अधिवास सांगतो. आमच्या भागातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून 'मुलकी' हा शब्द कित्येकांनी ऐकला असेल. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता त्या काळी सरकारी नोकरी मुलकी इसमास मिळावी असा नियम असे. आणि बाहेरून आलेल्यास मुलकी ठरावयाचे तर 15 वर्षांचे वास्तव्य दाखवून, मूळ गावी परतण्याचा विचार सोडला आहे असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. संस्थान 1948 साली भारतात विलीन झाल्यावरही हा वाद शमला नाही. 1952 साली हैदराबाद शहरात विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन होऊन गोळीबारात माणसे दगावली. पुढे 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात आला. तथापि मोजणी तीच राहिली. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रासही सामान्यतः 15 वर्षांचेच वास्तव्य दाखवावे लागते.

नोकऱ्या, शिष्यवृत्त्या व कॉलेजातील जागा ह्या मोजक्या असतात. एकास मिळाली की दुसऱ्याची जाते. तेथे 'कोठला' हा प्रश्न विचारला जातो, हे आम्ही समजू शकतो. परंतु परवाना ही वाटून संपणारी वस्तू नव्हे. एका तरुणास तो मिळाला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. उलट परीक्षा देऊन परवाना घेतलेला प्रत्येक मनुष्य रस्त्यावरील इतरांस अधिक निर्भय करतो. शिवाय हा परवाना साऱ्या भारतात चालतो, असे कायदाच सांगतो. जो कागद काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत मान्य आहे, त्यासाठी मनुष्याच्या पाळामुळांची चौकशी करण्याचे प्रयोजन नाही. तो सापडावा कोठे, एवढे कळले म्हणजे पुरे.

हा केवळ शब्दांचा वाद आहे असे ज्यांस वाटेल, त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील सहस्रावधी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कोयता उचलतात, आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर येथे किंवा सीमा ओलांडून कर्नाटकात बेळगावकडे ऊसतोडीस जातात. वसंत ऋतू सरता सरता ती परततात. वर्षातील सहा महिने ज्याचे बिऱ्हाड कारखान्याच्या कोपीत असते, त्याने 'राहता कोठे?' ह्याचे उत्तर काय द्यावे? शिकाऊ परवान्याची मुदत 6 महिन्यांची. पक्क्या परवान्याची परीक्षा निदान 30 दिवस गेल्याखेरीज देता येत नाही. ज्या तरुणाने भाद्रपदात शिकाऊ परवाना काढला आणि आश्विनात टोळीबरोबर प्रस्थान ठेवले, त्याची मुदत उसाच्या फडातच संपून जाते. मग तो परवान्यावाचूनच उसाचा ट्रॅक्टर हाकू लागतो. पकडला गेल्यास 5,000 रुपयांपर्यंतचा दंड आहेच. पण अपघात झाल्यास विमा कंपनी दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करू पाहते, मालक चालकाकडे बोट दाखवितो, आणि जे कुटुंब उचल फेडण्यासाठी घर सोडून गेले ते दुसऱ्या कर्जात बुडते. एका दाखल्याची हयगय कोठवर पोहोचते, हे ह्यावरून दिसेल.

ह्यावर कोणी म्हणेल, पुरावा सैल केल्यास एकच इसम ठिकठिकाणी परवाने काढील. ही शंका रास्त आहे. एका मनुष्याने एकाहून अधिक परवाने बाळगू नयेत असा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ती फसवणूक आता देशभराच्या एकत्र नोंदीवरून उघडकीस येऊ शकते. तिच्यासाठी गरिबास कचेरीच्या खेपा घालावयास लावण्याचे कारण उरले नाही. किंबहुना कायदाही त्याच दिशेने चालला आहे. पूर्वी अर्जदार जेथे राहतो किंवा धंदा करतो त्या भागातील कार्यालयातच अर्ज करावा लागे. 2019 च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही परवाना कार्यालयाची वाट मोकळी केली. म्हणजे बीडच्या तरुणास सांगलीस परीक्षा देता यावी, असा त्या दुरुस्तीचा अर्थ. अडचण उरते ती राज्याच्या सीमेपलीकडे गेलेल्यांची. हंगामी मजुरांस दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या कागदांवर सवलत द्यावी, निदान शिकाऊ परवान्याची मुदत हंगामापुरती वाढवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकारने करावयाचे ते सांगितले. आता आपण करावयाचे. पालकांनी मुलाचे नाव, आडनाव व जन्मतारीख शाळेच्या नोंदीत, आधारपत्रात व जन्मदाखल्यात एकसारखी आहेत की नाहीत, हे मूल लहान असतानाच पडताळून पाहावे. एका वेलांटीच्या फरकामुळे अर्ज परत येतात. मुलींच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. विवाहानंतर नाव व पत्ता दोन्ही बदलतात, आणि जिचे मूळचे कागद नीट नाहीत तिला दोन्ही गावी परकी म्हणून वागविले जाते. ऊसतोडीस जाणाऱ्यांनी मुलाचे नाव शाळेतून काढू नये; हंगामी वसतिगृहाची सोय असेल तेथे त्यास ठेवावे. शाळेच्या पटावर सलग नाव असणे हा रहिवासाचा बळकट पुरावा आहे. आणि आम्हां शिक्षकांचे कर्तव्य असे की, मागावयास आलेल्या विद्यार्थ्यास दाखला विनाविलंब व बिनचूक द्यावा. आमच्या दृष्टीने तो नित्याचा कागद असेल. त्याच्या दृष्टीने ती भाकरीची वाट असते.

विद्यार्थिमित्रांनो, 18 वर्षे पूर्ण होण्याआधी गिअरची मोटारसायकल वा ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नका. वय झाले म्हणजे कागद जुळवा, नियम वाचा, अर्ज स्वतः भरा, परीक्षा स्वतः द्या, आणि दलालाच्या दारी उभे राहू नका. तुमचे घर नेकनुरात असो, पालावर असो वा कारखान्याच्या कोपीत असो, 'मी अमुक ठिकाणी सापडेन, आणि माझ्या हातून काही घडल्यास जाब देईन' एवढे ज्यास सरळपणे सांगता येते, तो परवान्यास पात्र आहे. कागद मागणाऱ्यांनीही त्याजपासून ह्याहून अधिक मागू नये.