रुमालाखालची बोटं आणि शोरूममधली गाडी

आमचे दुल्हाभाई बकरी ईदच्या आधी जनावरांच्या बाजारात उतरले की त्यांचा अवतारच बदलतो. दात बघतील, पाठीवरून हात फिरवतील, भाव ऐकून हसतील आणि चार पावलं चालायलाही लागतील. पाचशे रुपयांसाठी तासभर उन्हात उभं राहायची त्यांची तयारी असते. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणाऱ्या दलालांशी त्यांनी उभ्या हयातीत बरोबरीनं व्यवहार केला.

तेच दुल्हाभाई परवा सांगलीच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये आमच्या शेजारी बसले होते. एसीचा गारवा, समोर कॉफी, आणि टाय लावलेला पोरगा दर वाक्याला "सर" म्हणत होता. त्यानं एक छापील कागद पुढं सरकवला. दुल्हाभाईंनी खालचा आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बरं."

तेरा लाख रुपये, आणि त्यावर फक्त "बरं"!

गाडी भाच्याची. पुण्यात नोकरी लागल्यापासून चार वर्षं त्यानं पैसे साठवलेले, थोडी भर अब्बांच्या फंडातून. त्याला "स्पोर्ट्स कार" हवी होती. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे दोन माणसांची, जमिनीला पोट लावून धावणारी. ती आपल्याकडे बहुधा बाहेरून येते आणि किमतीत कोटीची भाषा बोलते. भाच्याची होती टर्बो इंजिनाची लाल हॅचबॅक, सायलेन्सरला दोन तोंडं आणि लाल शिलाईच्या सीटा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण शोरूमवाल्याला ते बरोबर ठाऊक असतं. मुलाची नजर गाडीवरून हटत नाही हे त्या टायवाल्यानं आम्ही बसायच्या आधीच हेरलं होतं.

आम्ही तो कागद घरी मागितला. "सर, आज बुक केलं तरच ही ऑफर," असं उत्तर मिळालं. आम्ही उठलो, तेव्हा कागद मिळाला. बाजारातली चार पावलं इथंही चालतात.

रात्री आपांच्या ओट्यावर तो कागद उलगडला. गाडीची एक्स-शोरूम किंमत १०,६०,०००. यात जीएसटी आलेला असतो. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. त्याखाली आरटीओचा एकरकमी कर १,२७,२००. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के, म्हणजे हा आकडा बरोबर. टीसीएस १०,६००. किंमत दहा लाखांच्या वर गेली की हा एक टक्का कापतात, पण तो आपल्याच पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. बिल आपल्याच नावानं आणि पॅन नंबर बरोबर, एवढं पाहायचं. इथवर घासाघीस करण्यासारखं काही नाही. सरकारशी हुज्जत घालून आरटीओचा कर कमी होत नसतो.

खरी गंमत त्याच्या खाली होती. विमा ५२,०००. ॲक्सेसरीज २६,०००. रंगावरचं कोटिंग १४,०००. हँडलिंग चार्ज ९,५००. हे हँडलिंग म्हणजे काय, असं दुसऱ्या दिवशी विचारलं तर पोरगा म्हणाला, "सर, गोदामातून गाडी आणणं, धुणं…" आपण बकरा घेतो तेव्हा तो बाजारापर्यंत चालवत आणल्याचे पैसे वेगळे देत नाही. हा ना सरकारचा कर, ना आरटीओचं शुल्क. "याची वेगळी पावती द्या," एवढंच आम्ही म्हणालो आणि ते साडेनऊ हजार कागदावरून गेले.

विम्याचं तसंच. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, २०१८ सालापासून. तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती मात्र नाही. आम्ही बाहेर दोन ठिकाणी विचारलं. तेच कलम, तीच झीरो डेप्रिसिएशनची जोड, गाडीची तीच विमा रक्कम, आणि हप्ता ३८,०००. तुलना करताना ही रक्कम सारखी आहे ना ते जरूर पाहा. ती खाली ओढूनही हप्ता स्वस्त दाखवता येतो.

मग टायवाल्यानं हुकमी पान काढलं. "सर, लोन घ्या. फक्त पाच लाखांचं. तीस हजार जास्त सूट देतो. तीन महिन्यांनी बंद करून टाका." भाचा मोबाइलवर हिशेब करू लागला. बँक शोरूमला कमिशन देते, म्हणून रोख गिऱ्हाइकापेक्षा कर्जाचं गिऱ्हाईक त्यांना लाडकं, हे त्याला ठाऊक होतं, तरी तीस हजार डोळ्यांसमोर नाचत होते. त्यानं आईला फोन लावला. आपांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घे बाबा, तुझी कमाई आहे. पण व्याजाच्या गाडीत मी बसणार नाही."

आपांची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी हिशेब बसत नव्हता. नऊ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज अकरा हजारांच्या आसपास. प्रक्रिया शुल्क पाच हजार. आरसी बुकात बँकेचा बोजा चढवायचे पंधराशे, उतरवायची धावपळ निराळी. आणि मुदतीआधी कर्ज बंद केल्याचा दंड त्यांच्याच कागदावर पाच टक्के, म्हणजे चोवीस-पंचवीस हजार. बेरीज झाल्यावर भाच्यानं मोबाइल खिशात घातला.

दुल्हाभाईंना मात्र आता बाजार सापडला होता. ते पिशवीत नोटा घेऊन यायला निघाले, तेव्हा त्यांना अडवावं लागलं. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. पैसे बँकेतून आरटीजीएसनंच द्यायचे.

भाच्यानं एक युक्ती काढली. "मामू, कोल्हापूरला चाळीस हजार कमी सांगितलेत म्हणून ठोकून देऊ या. कोण बघायला जातंय?" आम्हाला ते पटायलाच आलं होतं, हे कबूल करतो. शोरूमवाले तरी कुठं सगळं खरं सांगतात? पण दुल्हाभाई अडून बसले. "भाव पाड, कमी माग, उठून चाल. पण न झालेली बोली झाली म्हणायची नाही. बाजारात मी ती कधी लावली नाही."

मग काय, गुरुवारी सकाळी कोल्हापूर गाठलं. तिथल्या शोरूमला एकच गोष्ट मागितली: गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा एकच अंतिम आकडा, विमा सोडून, लेखी, शिक्क्यासह. बावीस हजारांची सूट निघाली, हँडलिंग नाही, कोटिंग नाही. तो खरा कागद सांगलीच्या टेबलावर ठेवला. टायवाला आत गेला, मॅनेजर बाहेर आले. वीस मिनिटांत तोच आकडा सांगलीत मिळाला. चटया आणि मडफ्लॅप आम्ही बाजारातून चार हजारांत घेतले. तेरा लाखांचं प्रकरण सगळं धरून सव्वाबारा लाखांच्या आत आलं. सर्व्हिसिंगला सांगली जवळची, म्हणून गाडी तिथंच घेतली.

पण पैसे भरायच्या आधी दुल्हाभाईंनी दात बघायचे ठरवले. चॅसिस नंबर मागितला, गाडी कधी तयार झाली ते विचारलं. गाडी मागच्या वर्षाच्या ऑक्टोबरातली निघाली, सात महिने यार्डात उभी. "सर, मीटरवर बाराच किलोमीटर आहेत, नवीच आहे." नवी खरी, पण आरसी बुकात तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापून येतं, आणि पुढं विकताना गिऱ्हाईक तेच आधी वाचतं. एकतर किंमत आणखी उतरवा, नाहीतर ताजी गाडी द्या, असं आम्ही सांगितलं. भाच्याचा चेहरा उतरला. शनिवारी मित्रांना गाडी दाखवायचं त्यानं कबूल केलं होतं. अब्बांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही पुन्हा एकदा उठलो.

गाडी सतराव्या दिवशी आली, महिनाभरापूर्वी तयार झालेली. ७८६ नंबर हवा म्हणून भाचा हट्ट धरून होता. त्याची फी लाखांत आहे हे कळल्यावर जो आला तो नंबर त्यानं गोड मानला. आपा मागच्या सीटवर बसल्या, गुडघे आवळून घेत म्हणाल्या, "एवढ्या पैशात पाय ठेवायला जागा कुठं आहे रे?"