वारसा नावाचा की आराखड्याचा?

ब्रिटिश मोटारसायकलींची जुनी नावे एकामागून एक भारतीय उद्योगांच्या हाती येत आहेत. बीएसए हे नाव २०१६ साली महिंद्र समूहाकडे आले, २०२० मध्ये टीव्हीएसने नॉर्टन विकत घेतली, आणि २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. ज्यांनी दीड शतक राज्य केले त्यांच्याच वस्तूंवर आता आपला हक्क, असा एक सूर या घटनांच्या स्वागतात सहज मिसळतो. तो अस्वाभाविक नाही. परंतु ही नावे मुळात विक्रीस का निघाली, हा प्रश्न त्या जल्लोषात मागे पडतो.

ब्रिटिश अभियंत्यांपाशी प्रतिभेची वाण होती असे कोणीही म्हणणार नाही. १९३७ साली एडवर्ड टर्नर यांनी ट्रायम्फसाठी ‘स्पीड ट्विन’ ही ५०० सीसीची गाडी सिद्ध केली. एकाच सिलिंडरच्या गाड्यांचा तो काळ. टर्नर यांनी शेजारी शेजारी दोन सिलिंडर बसविले, तेही इतक्या आटोपशीरपणे की एका सिलिंडरच्या गाडीच्याच सांगाड्यात ते इंजिन मावले. पुढे बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या सर्वांनी हीच मांडणी उचलली. मात्र तीत एक मूलभूत उणीव होती. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जात व एकाच वेळी खाली येत, त्यामुळे हादरे बसत. ५०० सीसीला ते सुसह्य होते. तीच मांडणी ताणून ६५० आणि मग ७५० सीसी करण्यात आली, तेव्हा नटबोल्ट सैल होऊ लागले. १९६७ च्या ‘कमांडो’त नॉर्टनने इंजिन रबरी आधारांवर बसवून हादरे स्वारापर्यंत पोचणार नाहीत अशी योजना केली. युक्ती नामी खरी. पण दुखणे इंजिनाचे आणि पट्टी सांगाड्याला, असाच तो प्रकार होता. तेलगळतीचेही तेच. क्रँककेसचे दोन भाग उभ्या रेषेत जोडलेले असत व त्या सांध्यातून तेल पाझरे. उभ्या गाडीखाली पडणाऱ्या तेलाच्या डागाचे शौकिनांना आजही कौतुक वाटते. शौकिनांना ते शोभते, कारखानदारांना नव्हे.

इशारा मिळाला नाही असेही नाही. खुद्द टर्नर १९६० मध्ये जपान पाहून आले आणि तेथील कारखान्यांच्या आवाक्याविषयी त्यांनी अहवाल लिहिला. तरीही लहान गाड्यांचा बाजार जपान्यांना सोडावा, नफा मोठ्या गाड्यांत आहे, हाच हिशेब चालू राहिला. १९६८ साली ट्रायम्फ व बीएसए यांनी तीन सिलिंडरची ७५० सीसीची गाडी आणली. ती वेगवान होती, पण सुरू करावी लागे किक मारूनच! दुसऱ्याच वर्षी होंडाची चार सिलिंडरची ‘सीबी ७५०’ अवतरली. ती बटण दाबताच सुरू होई, आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. लहान गाड्यांवर कमावलेला पैसा आणि अनुभव तीत उतरला होता.

१९७३ मध्ये बीएसए समूह कोसळला. मेरिडेन येथील ट्रायम्फचा कारखाना बंद होणार असे जाहीर होताच कामगारांनी तो अडवून धरला, आणि १९७५ पासून सरकारी साहाय्याने सहकारी तत्त्वावर चालविला. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राने या प्रयोगाकडे आस्थेने पाहावे. १९८३ मध्ये तो संपला, हा दोष सहकाराचा नव्हे. कामगारांच्या वाट्याला जुने आराखडे आणि जुनी यंत्रे आली होती. नवे इंजिन उभारण्याइतके भांडवल कधीच आले नाही.

त्याच वर्षी जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने ट्रायम्फचे नाव विकत घेतले. जुनी ‘बॉनव्हिल’ त्यांनी काही वर्षे दुसऱ्याला परवान्यावर बनवू दिली आणि स्वतः हिंकली येथे नवा कारखाना उभारून पाण्याने थंड होणारी संपूर्ण नवी इंजिने घडविली. त्या गाड्या जगापुढे आल्या १९९० मध्ये. नाव हाती असताना सात वर्षे थांबण्याचा हा संयम विरळाच. ‘बॉनव्हिल’ हे नाव तर २००१ मध्ये परतले. पिस्टन पूर्वीसारखेच एकत्र वरखाली होत, परंतु हादरे शमविणारे बॅलन्स शाफ्ट आता इंजिनातच होते.

भारताला हा धडा परका नाही. १९५५ पासून मद्रासला रॉयल एनफील्डची ‘बुलेट’ जुळू लागली, पुढे भाग घडविण्याचे साचेही आले. इंग्लंडमधील उत्पादन १९७० साली थांबले, मद्रासचे चालू राहिले. पण ती बुलेट कित्येक दशके जवळजवळ होती तशीच राहिली. साचे होते, नवा आराखडा नव्हता. याच कंपनीने २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये तांत्रिक केंद्र उघडले, आणि दोन सिलिंडरची नवी ६५० सीसीची गाडी २०१८ मध्ये बाजारात आली. चाकणच्या ट्रायम्फची घडण आज मराठी हातांची आहे, आराखडा मुख्यतः हिंकलीचा. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी किती जणांना त्या आराखड्याच्या मेजाशी जागा मिळते, हे बजाजला विचारावयास हवे.