श्रम म्हणजे व्यायाम नव्हे
(द्वितीय वर्ष, कला)

व्यायामाचे महत्त्व पटवून देणारा एखादा तरी लेख महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात असतोच. पहाटे उठावे, धावावे, जोर-बैठका काढाव्यात, म्हणजे शरीर सडपातळ राहते आणि आयुष्य वाढते, हा त्याचा सारांश. त्याबद्दल वाद नाही. परंतु अशा लेखांत शेवटी शेवटी एक वाक्य हमखास येते : खेड्यातल्या कष्टकऱ्याला निराळ्या व्यायामाची गरजच नाही, त्याचे काम हाच त्याचा व्यायाम! वर्गातही हे वाक्य मी दोन-तीनदा ऐकले आहे. बोलणाऱ्यांच्या मनात कष्टकऱ्यांविषयी आदरच असतो. तरीही ते वाक्य खरे नाही, आणि ते खरे मानल्यामुळे ज्यांचे नुकसान होते त्यांच्या घरातून मी आलो आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील तालुक्याच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. हंगामात दिवसाकाठी १०० पोती त्यांच्या पाठीवरून जातात. एक पोते ५० किलोचे धरले तरी हा हिशोब पाच टनांचा होतो. त्यांच्या अंगावर चरबीचा कण नाही. पोट तर पाठीला लागलेले. ज्या आडत्याच्या गाळ्यावर ते पोती वाहतात, तो गृहस्थ त्यांच्याच वयाचा. तो पहाटे पाऊण तास फिरून येतो, दुपारी गादीवर लवंडतो. 'कामच व्यायाम' हे सूत्र खरे असते तर या दोघांत माझे वडील अधिक निरोगी असायला हवे होते. पण गुडघे धरून उठतात ते माझे वडील, आणि जिना भराभर चढतो तो आडत्या.

एका घराच्या उदाहरणावरून सिद्धान्त काढू नये, असे आमचे तर्कशास्त्राचे सर सांगतात. म्हणून थोडा शास्त्राचा आधार घेतो.

व्यायाम आणि आयुष्य यांचा संबंध प्रथम ठळकपणे दाखवला तो इंग्लंडमधील डॉ. जेरेमी मॉरिस यांनी. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उतारवयात व सौम्य स्वरूपात. पुढे १९५६ साली मॉरिस यांनी या कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर अधिक निघाला. स्वतः मॉरिस २००९ साली वारले, ते वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी.

'कामच व्यायाम' म्हणणारे याच संशोधनाचा दाखला देतात. पण लंडनच्या कंडक्टरच्या पाठीवर पोते नव्हते, ही गोष्ट ते विसरतात. तो थोडे चढे, थोडे थांबे, पुन्हा चढे. अंगात रक्त खेळते राहावे इतपतच ते श्रम होते.

ज्यांच्या कामात ओझे असते त्यांचे काय? डेन्मार्कमधील आंद्रियास होल्टरमान आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे याच प्रश्नाचा अभ्यास करीत आहेत. २०१८ साली १७ अभ्यासांतील जवळजवळ १ लाख ९४ हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. बेताच्या हालचालीचे काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा अतिशय कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी अधिक दिसला. स्त्रियांच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. फावल्या वेळातला व्यायाम आयुष्य वाढवतो आणि पोटासाठीचे कष्ट मात्र ते वाढवत नाहीत, या विसंगतीला संशोधकांनी विरोधाभास असेच नाव दिले आहे. यावर विद्वानांत वाद आहे. हा दोष श्रमांचा की श्रमिकाच्या गरिबीचा, तंबाखूचा, अपुऱ्या औषधपाण्याचा, असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर कोणतेही निघाले तरी 'कष्ट केले की आयुष्य वाढते' हे विधान टिकत नाही, एवढे नक्की.

असे का व्हावे? व्यायामाने स्नायू बळकट होतात असे आपण म्हणतो, पण व्यायामाच्या वेळी स्नायू थकतो व किंचित झिजतो. तो भरून निघतो नंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि अन्नाने. व्यायाम करणारा दमला की थांबतो. हमाल दमला तरी ट्रक थांबत नाही. व्यायामात हृदय थोडा वेळ जोरात धडधडते आणि मग पूर्वीपेक्षा शांत होते. आठ-दहा तासांच्या ओझ्याने ते दिवसभर ताणलेले राहते. जड वजन उचलताना रक्तदाब चढतो, तोही दिवसातून शंभर वेळा. थोडक्यात, व्यायामात श्रम, विश्रांती आणि आहार हे तिन्ही आपल्या हाती असतात. मजुरीत यातले एकही नसते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. आणि तो कोणी करावा, तर जो बलवान आहे व स्निग्ध अन्न खातो त्याने! अतिव्यायामाने दम, तहान, खोकला, ज्वर लागतो, असेही तो बजावतो. शिळी भाकरी आणि ठेचा खाऊन पूर्ण शक्तीने राबणाऱ्याला वाग्भटाने व्यायामपटू म्हटले नसते.

आता सडपातळपणाविषयी. बारीक माणूस निरोगी, हा आपल्याकडील दुसरा गोड गैरसमज. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचाही डॉ. याज्ञिकांनी अभ्यास केला. ही बाळे वजनाने लहान असूनही त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त, असे त्यांना आढळले. आपल्या देशात मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ साली जाहीर झाला. त्यामागे हे एक कारण आहे. तेव्हा आपल्यातल्या काडीपैलवानांनी 'मला कशाला व्यायाम?' असे म्हणू नये. वजनकाटा चरबी आणि स्नायू यांतला भेद सांगत नाही. उपासमारीने आलेला बारीकपणा आणि कमावलेला सडपातळपणा एक नव्हेत.

मग व्यायाम किती हवा? वाटतो त्यापेक्षा कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे आणि दोन दिवस जोर-बैठका. 'रोज दहा हजार पावले' या आकड्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला आहे. इंग्लंडमधील पंचवीस हजारांवर माणसांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली. ती सारी मुद्दाम व्यायाम न करणारी होती. त्यांच्यापैकी जी माणसे दिवसातून तीन वेळा एक-दोन मिनिटे का होईना जोरात हालचाल करीत होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले. ग्रंथालयाचा जिना भराभर चढणे हीसुद्धा अशीच हालचाल.

साधनांचे म्हणाल तर औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला आणि संस्थानच्या शाळांतून जे करवून घेतले, त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते. यंत्रे घेण्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, हा मुलगा श्रमप्रतिष्ठेच्या विरुद्ध लिहितो आहे. तसे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मीही घमेली उचलली आहेत, आणि त्यात आनंद होता. पण तो आनंद शिबीर सात दिवसांचे होते म्हणून होता. आठव्या दिवशी आम्ही घरी गेलो. ज्याचा आठवा दिवस कधी उजाडत नाही, त्याच्या घामाला व्यायाम म्हणणे ही त्याची प्रतिष्ठा नव्हे, ती आपली सोय आहे. काम हाच व्यायाम म्हटले की त्याच्या पोत्याचे वजन कमी करण्याची, त्याला दुपारची विश्रांती देण्याची, त्याच्या गुडघ्यांवर इलाज करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

आपल्या महाविद्यालयापुरत्या दोन सूचना करतो. आपला जिमखाना दुपारी ४ नंतर उघडतो. त्या वेळी खेड्यांवरून येणारे विद्यार्थी एस.टी. गाठण्यासाठी स्थानकावर असतात. जिमखान्याची फी मात्र सर्वांकडून सारखीच घेतली जाते. मधल्या सुट्टीला जोडून अर्धा तास जिमखाना उघडा ठेवला, आणि आठवड्यातील निदान दोन दिवस ही वेळ फक्त विद्यार्थिनींसाठी राखली, तर खर्च एका किल्लीचा आहे. दुसरी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेस : पुढच्या शिबिरातला एक दिवस मार्केट यार्डात आरोग्य तपासणीसाठी द्यावा. त्या दिवशी हमालांना व्यायामावर व्याख्यान देऊ नये. त्यांचा रक्तदाब मोजावा, गुडघे पाहावेत आणि त्यांचे म्हणणे ऐकावे.

दीर्घायुष्य सर्वांनाच हवे आहे. त्याचा मार्ग मात्र सर्वांना एकच नाही. ज्याच्या अंगाला दिवसभर काम नाही त्याने रोज अर्धा तास घाम गाळावा. ज्याच्या पाठीवर दिवसभर ओझे आहे, त्याच्या पाठीवरचे थोडे ओझे आपण सर्वांनी मिळून उतरवावे. आरोग्याच्या पुस्तकात पहिले वाक्य असते. दुसरेही असायला हवे.