साप्ताहिकाची विश्रांति

आठवड्याचा भाग वेळेवर हातीं पडला नाहीं, कीं जपानी चित्रकथांचे आमचे कित्येक विद्यार्थिमित्र लेखकास आळशी ठरवून मोकळे होतात. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

‘शोनेन जंप’ हें पत्र १९६८ सालीं निघालें व पुढल्याच वर्षीं साप्ताहिक झालें. त्यांतील कथेचीं सुमारें एकोणीस पानें दर आठवड्यास काढावयाचीं, म्हणजे आधीं आराखडा, मग पेन्सिल, मग शाई, असें अखंड काम. म्हणून नववर्ष, मे महिन्याचा आरंभ व ऑगस्टांतील ओबोन सण ह्या सुमारास दोन क्रमांकांचा एकच जोडअंक निघतो व पुढला आठवडा रिकामा जातो. ही ठरलेली सुटी. दुसरी सुटी लेखकाच्या प्रकृतीची. पाठीच्या दुखण्यानें पीडलेले योशिहिरो तोगाशी ह्यांची कथा २०१८ पासून २०२२ पर्यंत खंडित होती.

आपल्याकडे हरि नारायण आपटे ह्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढून त्यांत कादंबऱ्या क्रमशः छापिल्या. पैकीं कांहीं अपुऱ्याच राहिल्या. एका लेखणीवर आठवड्याचा किती भार पडतो, हें ह्यावरून दिसतें.

पैसे देणाऱ्या वाचकास सुटीची सूचना आगाऊ मिळावी, हा त्याचा हक्क खरा. परंतु लेखकाच्या शरीरावर त्याचा हक्क नाहीं. पोळ्याच्या दिवशीं खानदेशांतील शेतकरी बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. मेहरूणचीं बोरेंही आपल्या ऋतूंतच पिकतात. मग, विद्यार्थिमित्रहो, आपणांस आनंद देणाऱ्या मनुष्यास एक आठवडा देण्यास आपण कां कुरकुरावें?