पार्ट जुना आहे, हे बिलावर लिहा

स्मार्टवॉचची काच फुटलेले गिऱ्हाईक आधी कंपनीच्या केंद्रात दर विचारते आणि मगच आपल्या टेबलापाशी येते. त्या दरात थोडी भर घातली तर नवे घड्याळ येईल, हा हिशेब त्याने वाटेतच केलेला असतो. बाजारात सुटा डिस्प्ले सहसा मिळत नाही. मिळाला तर बऱ्याचदा कॉपी निघतो. अशा वेळी बोर्ड मेलेल्या, पण पडदा शाबूत असलेल्या त्याच मॉडेलच्या घड्याळातून डिस्प्ले काढून बसवणे हाच व्यवहारी मार्ग उरतो. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत हे काम चालते आणि ते चालायलाच हवे. मात्र त्यातला जुना पार्ट बिलावर ‘नवा’ होतो, तिथे आमची हरकत आहे.

चांगला काढलेला ओरिजिनल डिस्प्ले नव्या कॉपीपेक्षा सरस ठरू शकतो. पण ओएलईडी वापराने झिजते, म्हणून गम लावण्याआधीच त्याची परीक्षा व्हावी. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, डिस्प्लेची फ्लेक्स जोडा आणि मगच बॅटरी लावा. पूर्ण पडद्यावर करडा रंग आणून ब्राइटनेस उतरवा. त्यात जुन्या डायलच्या आकड्यांची सावली दिसली तर तो डिस्प्ले बाद समजा. एखादा आयकॉन बोटाखाली धरून कडेकडेने फिरवा. वारंवार एकाच जागी सुटत असेल तर तिथला टच गेलेला आहे. दिसण्यावर जाऊ नका. ॲपल वॉच सिरीज ३ चे जीपीएस आणि सेल्युलर डिस्प्ले वरून सारखेच वाटतात, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाठीवरचा मॉडेल नंबर वाचूनच जोडी लावा. उघडताना काठाला बोट जेमतेम ठेववेल इतकीच ऊब द्या, कारण आत लिथियम बॅटरी आहे आणि पाते खोल गेले तर ती फुटते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. ‘५ एटीएम’ ही खूण कारखान्यात बसवलेल्या सीलच्या भरवशावर असते. ते सील आपण कापतो. नवा गम कितीही नेटका बसला तरी प्रेशर टेस्टरवर तपासल्याशिवाय जलरोधकतेचा शब्द देऊ नये. पोहायला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हे तोंडी नव्हे, लिहून द्यावे.

तिसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. भंगारात आलेले घड्याळ जुन्या मालकाच्या खात्याला लॉक असेल तर ते कुठून आले, हे विचारलेच पाहिजे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याचे नाव, तारीख आणि सीरियल नंबर वहीत नोंदवायला दोन मिनिटे लागतात.

सगळा दोष आपल्या टेबलावर मात्र नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही आला. पण त्याची सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून आहे, मनगटावरचे घड्याळ त्यात नाही. घड्याळ दुरुस्त होण्याजोगे बनवता येत नाही, ही सबबही आता टिकत नाही. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल वॉचचा फुटलेला पडदा दुरुस्त करण्याची सोय नसल्याचे सांगितले होते. २०२५ च्या पिक्सेल वॉच ४ मध्ये त्याच कंपनीने डिस्प्ले आणि बॅटरी बदलता येईल अशी रचना दिली. निर्देशांकाच्या पुढच्या टप्प्यात घड्याळे यावीत आणि सुटे पार्ट वाजवी दरात मिळावेत, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी.

ही मागणी केली की कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: बाहेरच्या दुकानांचा भरवसा काय? त्याला आपले बिलच उत्तर देऊ शकते. ‘डिस्प्ले वापरलेला, ओरिजिनल; वॉरंटी अमुक दिवस; पाण्याची हमी नाही’ एवढे छापून घ्या आणि दरही जुन्या पार्टचाच लावा. काही गिऱ्हाइके घासाघीस करतील, एखादे परतही जाईल. पण जे थांबेल ते सगळे समजून थांबलेले असेल आणि महिन्याभराने भांडायला येणार नाही.