इवल्या कुत्र्याचा मोडलेला पाय

वृद्ध व्यक्ती घसरून पडली की ती स्वाभाविकपणे हात पुढे टेकते आणि मनगटाच्या किंचित वरचे रेडियस नावाचे हाड मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन केले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आमच्या पेशातील प्रत्येकाने तो शेकडो वेळा पाहिलेला असतो. तेच हाड, जवळपास त्याच जागी, आणखी एका प्राण्याचे वारंवार मोडते. तो प्राणी म्हणजे दीड-दोन किलो वजनाचा, मांडीवर मावणारा कुत्रा. पामेरियन, चिवावा, टॉय पूडल, यॉर्कशायर टेरियर अशा जातींत पलंगावरून मारलेली एक उडी किंवा लहान मुलाच्या हातून सुटणे एवढे कारण त्यास पुरते. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि उडी मारून तो उतरतोही पुढच्याच पायांवर. त्या पायातील हाड मात्र शिसपेन्सिलीहूनही बारीक असते.

आरोग्यविषयक पाक्षिकात कुत्र्याच्या पायाची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. मुले नोकरीनिमित्त दूर गेल्यावर ज्येष्ठांच्या घरात ज्याच्याशी दिवसभर बोलणे होते, असा एकच जीव अनेकदा चार पायांचा असतो. त्याचे दुखणे हे त्या घराचे दुखणे असते, हे मी माझ्या माहुलच्या दवाखान्यात नित्य पाहतो. शिवाय अशा प्रसंगी केल्या जाणाऱ्या चुका कुत्र्याइतक्याच त्याच्या मालकासही भोवतात.

माझ्या एका रुग्णाची हकिकत सांगतो. तानसा जलवाहिनीलगतची घरे हटविल्यानंतर ज्या कुटुंबांना माहुलच्या सात मजली इमारतींत आणून वसविण्यात आले, त्यांपैकी एका घरातील या आजी. वय ७४, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. महिन्याच्या गोळ्या लिहून घेण्यास आल्या, तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. काय झाले, असे विचारले, तर म्हणाल्या, "विळीवर कापलं." चिंधी सोडून पाहिली, तर दातांच्या स्पष्ट खुणा होत्या. थोडे मौन झाले. मग त्यांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेली, थरथरणारी पामेरियन कुत्री होती, सोनी नावाची. पाच दिवसांपूर्वी तिने पलंगावरून उडी मारली होती आणि पुढचा डावा पाय मोडला होता. शेजारच्या कोणी हाडवैद्याकडून लेप आणला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून दोरीने घट्ट बांधले. बांधताना सोनीने आजींनाच चावा घेतला.

"मुलाला सांगू नका डॉक्टर. तो म्हणेल, चावरी झाली, सोडून ये कुठंतरी. तुम्ही माणसांची हाडं बघता, हिचंही बघा की जरा."

मी सोनीचा पाय पाहिला. परंतु औषध दिले नाही. हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांनाच आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. माणसाचे ज्ञान कुत्र्यास जसेच्या तसे लागू पडत नाही. या अस्थिभंगाइतके याचे दुसरे चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

माणसाच्या मनगटाचे हाड बहुतेक वेळा जागेवर बसवून प्लास्टर घातले की सहा आठवड्यांत सांधते. त्यामुळे कुत्र्यालाही प्लास्टर घालावे, असे सर्वांना वाटते. ते स्वाभाविक आहे, पण अगदी लहान जातींच्या बाबतीत ते फसवे ठरते. या कुत्र्यांच्या रेडियसच्या खालच्या टोकाला रक्तपुरवठा मुळातच विरळ असतो. मोठ्या कुत्र्यांच्या तुलनेत तेथे सूक्ष्म रक्तवाहिन्या कमी असतात, हे संशोधनातून दिसून आले आहे. भोवती स्नायूंचे आवरणही नसते. कातडीखाली थेट हाड. हाडाची दोन्ही टोके एकमेकांस स्पर्श करतील असा पृष्ठभाग अवघा काही मिलिमीटरचा, त्यामुळे ती किंचित हलली तरी निसटतात. प्लास्टर नीट बसायचे तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करावे लागतात. एवढ्याशा निमुळत्या पायावर ते कोपराच्या वर टिकतच नाही, घसरत खाली येते. परिणामी हाड वाकडे सांधते किंवा मुळीच सांधत नाही, आणि न सांधलेले टोक हळूहळू झिजून बारीक होत जाते. मग नंतरची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड होते.

म्हणूनच या जातींत पशुशल्यविशारद सहसा धातूची छोटी पट्टी, म्हणजे प्लेट, बसविण्याचा सल्ला देतात. तिचे स्क्रू दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे असतात. घड्याळजीच्या कामाची आठवण व्हावी, असे हे काम आहे. काही वेळा बाहेरून सळ्यांचा सांगाडाही लावला जातो. अगदी कोवळ्या पिल्लाचे हाड ओल्या फांदीसारखे नुसते मुरडले असेल आणि जागेवरून हलले नसेल, तर बाह्य आधारावर भागू शकते. परंतु तो निर्णय एक्स-रे पाहून पशुवैद्यकानेच घ्यावा. भुलेची भीती अनेकांना वाटते. ती निराधार नाही. इतके लहान शरीर लवकर थंड पडते आणि पिल्लांत उपाशी ठेवल्यास रक्तातील साखर घटते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी किती तास उपाशी ठेवायचे, हे आपल्या अनुभवावरून ठरवू नये, तेथे विचारावे.

उपचारांस लागलेला विलंब काय करतो, याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. रतन टाटा यांनी आपल्या एका कुत्र्यास सांधा बदलण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. तोवर उशीर झाल्याने तो सांधा एका स्थितीत कायमचा स्थिर करावा लागला, असे त्यांनीच सांगितले होते. तशी सोय मुंबईतच असावी, या ध्यासातून महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि २०२४ मध्ये सुरू झाले. मात्र मुंबईकरांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे ते परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल'. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे हे रुग्णालय १८८३ पासूनचे, आणि त्याच परिसरात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल ज्या शहरात राबत होते, त्या काळाची ही संस्था आज पामेरियनचेही पाय पाहते. माहुलहून निघणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की रिक्षा शीवच्या पलीकडे जात नाही. आरंभीच टॅक्सी करावी, म्हणजे दुखऱ्या जिवास मध्येच उतरवावे लागत नाही.

तोपर्यंत घरी काय करावे? शक्य तितके कमी. कुत्र्यास फळांच्या खोक्यात किंवा पुठ्ठ्याच्या पेटीत, मऊ कापडावर ठेवावे, ऊब द्यावी. जखम उघडी असेल तर स्वच्छ कापडाने झाकावी. कामटी, फूटपट्टी, दोरी यांपैकी काहीही बांधू नये. सोनीच्या पायावरची दोरी सोडली, तेव्हा बोटे सुजून थंड पडली होती आणि कामटीखालच्या कातडीस कुबट वास येत होता. आणखी दोन दिवस गेले असते, तर हाड सांधण्याचा प्रश्नच उरला नसता. श्वास धापांचा असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा लघवी झाली नसेल, तर पायापेक्षा छाती आणि पोटाची काळजी अधिक. अशा वेळी एक तासही दवडू नये.

घरातील वेदनाशामक गोळी देण्याचा मोह तर निक्षून टाळावा. पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे आपल्या कपाटात असतातच. 'अर्धीच दिली' असे सांगणारे भेटतात. दीड किलोच्या देहास अर्धी गोळी म्हणजे विषाची मात्रा ठरू शकते. जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकने आपल्याकडील गिधाडे जवळजवळ संपविली आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचे त्याचे उत्पादन थांबविण्यात आले, हे पुष्कळांनी वाचले असेल. पण आपल्या गुडघ्यांना चोळलेले याच औषधाचे मलम कुत्रा चाटतो, याकडे कोणाचे लक्ष नसते. मलम लावल्यावर पाय झाकावेत आणि हात धुवावेत.

आता आजींच्या बोटांकडे वळू, कारण ते माझ्या अखत्यारीतले. वेदनेने कळवळणारा कुत्रा, तो कितीही लाडका असो, स्पर्श करणाऱ्यास चावतो. यात त्याचा स्वभाव बिघडलेला नसतो. चावा झाल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. 'आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे' एवढ्या भरवशावर थांबू नये. उपचार सुरू करावेत आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. रक्त आलेले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. महापालिकेच्या रुग्णालयांत लस विनामूल्य मिळते. चार-पाच दिवस उलटले असले तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हातात काही राहत नाही. मधुमेही व्यक्तीत साधा जंतुसंसर्गही वेगाने पसरतो. आजींना त्याच दिवशी रुग्णालयात पाठविले. चिरंजीवांना मी स्वतःच फोन केला. आजींच्या संमतीने, आणि कुत्री का चावली हे आधी सांगून, मग बाकीचे. ते दुपारी टॅक्सी घेऊन आले आणि आईला रुग्णालयात, तेथून सोनीला परळला घेऊन गेले. माणसे आपण समजतो त्याहून बरी निघतात, कधी कधी.

सोनीच्या कातडीवरील जखम भरून येईपर्यंत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी लागली. नंतर प्लेट बसविली. दरम्यान, हाड सांधलेच नाही तर पाय काढावा लागेल, अशी कल्पना तेथील डॉक्टरांनी दिली होती आणि त्या रात्री आजींना झोप लागली नाही. याविषयी एवढे सांगावेसे वाटते की तीन पायांवर कुत्रे, विशेषतः हलके कुत्रे, आश्चर्य वाटावे इतके सुखाने जगतात. खर्च आवाक्याबाहेर असेल किंवा पहिली शस्त्रक्रिया अयशस्वी झाली असेल, तर तो पर्याय क्रूर समजू नये. खर्चाचा अंदाज, फेरतपासण्यांसह, आधीच मोकळेपणाने विचारावा. त्यात संकोच कसला?

खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतरच्या सहा ते आठ आठवड्यांची. कुत्र्यास वेदना थांबताच आपण बरे झालो असे वाटते, हाडास तसे वाटत नसते. पलंग, खुर्ची, जिना पूर्ण बंद. २२५ चौरस फुटांच्या घरात चार जणांच्या मध्ये त्यास आवरणे सोपे नाही. आजींनी भाजीच्या दोन जाळीदार क्रेट जोडून कोपऱ्यात कुंपण केले, ते मला फार आवडले. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी असते. दया येऊन ती काढू नये. बोटे रोज पाहावीत. सूज, थंडपणा, दुर्गंध यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. चार-सहा आठवड्यांनी एक्स-रे होतो आणि हालचाल किती वाढवायची, हे त्यावर ठरते. आहाराविषयी एकच: केवळ भात आणि हाडविरहित चिकन यांवर वाढलेल्या पिल्लांत कॅल्शियमअभावी हाडे पापडासारखी ठिसूळ होतात, पण म्हणून आपल्या डब्यातील कॅल्शियमच्या गोळ्या त्याला चारू नयेत, आहार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावा.

या काळात सांभाळणाऱ्याच्या पाठीचाही विचार व्हावा. दिवसातून सहा वेळा वाकून कुत्रा उचलणे सत्तरीत झेपत नाही. खुर्चीत बसून, तो कोणीतरी मांडीवर आणून द्यावा. लिफ्ट बंद असेल आणि जिना उतरावाच लागला, तर कुत्रा हातात धरू नये. गळ्यात अडकवायच्या झोळीत ठेवावा, म्हणजे एक हात कठड्यावर राहतो. कुत्रा-मांजर पायात आल्याने होणाऱ्या पडझडीचा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ ते २००६ या काळात अभ्यास केला, तेव्हा वर्षाला सुमारे ८६ हजार जणांना दुखापत होत असल्याचे आढळले आणि त्यांत कुत्र्यांचा वाटा मोठा होता. आपल्याकडील घरे त्याहून कितीतरी अरुंद.

सोनी आता चालते, थंडीत किंचित लंगडते. आजींच्या घरी परवा गेलो, तेव्हा पलंगापाशी जुन्या गाद्या एकावर एक रचून उतरण केलेली दिसली आणि लादीवर गोणपाट पसरलेले होते. गोणपाटाच्या कडा मात्र वर आलेल्या होत्या, त्या चिकटपट्टीने दाबून घ्यायला सांगितल्या. रात्री लघवीस उठताना सोनी नेमकी कुठे झोपली आहे हे अंधारात कळावे, म्हणून तिच्या गळ्यातील पट्ट्याला एक घुंगरू बांधण्यासही सांगितले, आणि पलंगालगत एक छोटा दिवा रात्रभर चालू ठेवण्यास.