करेव्याची माती

काश्मीरमधले करेवे म्हणजे प्राचीन सरोवराच्या गाळाची पठारे. केशर पिकते ते यांवरच. हीच माती गेली काही वर्षे रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या भरावासाठी, विटांसाठी ट्रक भरभरून चालली आहे.

श्रीनगरजवळच्या बुर्झाहोमच्या करेव्यावर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसे वसली. १९६० ते १९७१ या काळातल्या उत्खननात तिथे तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद असे खड्डे निघाले. माणसाशेजारी पुरलेली कुत्री निघाली. खड्डे राहण्याचे, असे पुस्तकांत असते. काही अभ्यासक म्हणतात, ती धान्याची पेवे. हा वाद (मला तो फार आवडतो) मातीचे थर जागेवर आहेत तोवरच चालणार.

२०१४ मध्ये बुर्झाहोम युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. बाकीच्या करेव्यांचे काय? बँकेत मी जमिनीची तारणे तपासली आहेत. उताऱ्यावर क्षेत्रफळ असते, माती किती खोल आहे याचा रकाना नसतो. वीस फूट माती उचलली तरी कागदावर जमीन तेवढीच!

भराव लागतो, हे मान्य. पण परवान्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने ते टेकाड पायी फिरून पाहावे, एवढी मागणी जास्त नाही.